दोनाचे गणगोत

पाचवीच्या वर्गाला इंग्रजी अंक शिकवीत होतो. गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. फळ्यावर एकापासून दहापर्यंतचे आकडे अक्षरी लिहून दिले होते आणि मुले एका सुरात स्पेलिंगे घोकत होती. 'टी डब्ल्यू ओ टू' असा गजर झाला आणि मागच्या बाकावरचा एक हडकुळा मुलगा उठून उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, 'टू'मध्ये टी बोलतो, ओ बोलतो, पण मधला डब्ल्यू काहीच बोलत नाही. मग त्याला तिथे बसवलाय कशाला?"

प्रश्न रास्त होता आणि उत्तर मला येत नव्हते. अशा वेळी मास्तर मंडळी जे करतात तेच मी केले. "इंग्रजांची तऱ्हाच तशी. पाठ करून टाक," असे म्हणून त्याला खाली बसवले. वर्ग हसला, पोरगा ओशाळला आणि तास पुढे चालू झाला. पण तो मुका डब्ल्यू काही माझ्या डोक्यातून जाईना. पुढे वाचनालयात बसून शब्दांच्या कुळकथा वाचण्याचा नाद लागला तो त्या दिवसापासून. मी काही भाषापंडित नव्हे. पण त्या मुलाला त्या वेळी जे सांगायला हवे होते, ते आज दिवाळीच्या निमित्ताने आपणा सर्वांना सांगतो. फराळाचे ताट शेजारी असू द्यावे. कथा जरा लांबची आहे, पण शेवटी ती आपल्याच घरी येऊन पोचते.

कथेचा आरंभ होतो कलकत्त्याला. इ. स. १७८३ मध्ये सर विल्यम जोन्स नावाचे गृहस्थ तिथल्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून आले. हिंदू धर्मशास्त्र समजल्याखेरीज न्याय कसा द्यावा, म्हणून त्यांनी संस्कृतचा अभ्यास मांडला. १७८४ साली त्यांनी एशियाटिक सोसायटी स्थापन केली आणि २ फेब्रुवारी १७८६ रोजी तिच्यापुढे व्याख्यान देताना एक अद्भुत विचार बोलून दाखवला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतले साम्य योगायोगाचे असणे शक्य नाही; त्या एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, आणि ती मूळ भाषा आता बहुधा उरलेलीही नाही, असे त्यांनी सांगितले. इंग्रजी ज्या घराण्यातली, ते जर्मन भाषांचे घराणे आणि जुनी फारसीही याच गोतातली असावी, असेही ते म्हणाले.

आता हे साम्य 'दोन' या एका अंकापुरते पाहा. संस्कृतात 'द्व', लॅटिनमध्ये 'दुओ', ग्रीकमध्ये 'द्युओ', फारसीत 'दो'. सख्ख्या-चुलत भावंडांना ओळीने उभे करावे तसे हे शब्द दिसतात. मग इंग्रजी 'टू'मध्ये 'द'च्या जागी 'ट' कुठून आला? याचे कोडे उलगडले ते डेन्मार्कमधील रास्मुस रास्क आणि जर्मनीतील याकोब ग्रिम यांनी. रास्कचा ग्रंथ १८१८ सालचा. ग्रिमने आपल्या व्याकरणाच्या १८२२ सालच्या आवृत्तीत त्याला नियमाचे रूप दिले. जर्मन घराण्यातल्या भाषांनी फार पूर्वी आपले व्यंजनांचे घरच बदलले. मुळातला 'द' त्यांच्यात 'ट' झाला. आपला 'दश' तो त्यांचा 'टेन', आपला 'दंत' तो 'टूथ', आपला 'द्रुम' तो 'ट्री' आणि आपला 'द्व' तो जुन्या इंग्रजीतला 'ट्वा'. नियम एकदा कळला की मुलांना तो विसरता म्हणून विसरता येत नाही.

हा याकोब ग्रिम आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. परीकथांचे जे ग्रिम बंधू, त्यांतला हा थोरला. धाकटा व्हिल्हेल्म. दोघांत वर्षाचेच अंतर. परीकथांचा पहिला भाग त्यांनी १८१२ मध्ये छापला, पुढे जर्मन भाषेचा प्रचंड कोशही दोघांनी मिळून हाती घेतला. व्हिल्हेल्मचे लग्न झाले, मुले झाली. याकोब अविवाहित राहिला, पण निराळी चूल त्याने मांडली नाही. भावाच्या संसारातच तो अखेरपर्यंत राहिला. 'दोन'चे कुळ शोधून काढणारा माणूस स्वतः असा जन्मभर जोडीने राहिला, हे मला मोठे मौजेचे वाटते.

'ट्वा'मधला 'व' एके काळी खणखणीत वाजत असे. पुढे स्वर बदलत बदलत 'ऊ'च्या जवळ आला. 'व' आणि 'ऊ' ओठांच्या एकाच चंबूतून निघणारे. स्वराने शेजारच्या व्यंजनाला गिळून टाकले. तलवारीला इंग्रजीत 'सोर्ड' म्हणतात, तिच्यातल्या डब्ल्यूचीही हीच गत झाली. परंतु लिहिण्याची सवय बोलण्याच्या सवयीपेक्षा चिवट असते. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छापील स्पेलिंगे जसजशी रूढ झाली तसतसा तो मुका डब्ल्यू जागच्या जागी गोठून गेला. म्हणजे तो निरुपयोगी नाही. घरातल्या भिंतीवरच्या पणजोबांच्या तसबिरीसारखा तो आहे. बोलत नाही, पण आपण कोणाचे ते सांगतो.

आणि बोलत नाही तो फक्त 'टू'मध्ये. त्याची मुलेबाळे पाहा, ती चांगली बोलकी आहेत. 'ट्वेंटी' म्हणजे दोन दहा. 'ट्वेल्व्ह' म्हणजे 'दोन उरले'. दहा मोजून झाल्यावर एक उरला तो 'इलेव्हन' आणि दोन उरले ते 'ट्वेल्व्ह'. 'ट्विन' म्हणजे जुळे. 'ट्वाइन' म्हणजे दोन पेड वळून केलेला दोरा. मुलांच्या गणवेशाचे ते जाड 'ट्विल' कापड, त्याचाही अर्थ दोन धाग्यांचे. सांजवेळेच्या 'ट्वायलाइट'मध्ये हाच दोन लपलेला आहे. आपण त्याच वेळेला संधिप्रकाश म्हणतो. त्यांनी दोन पाहिले, आपण दोहोंमधला सांधा पाहिला. या सगळ्या शब्दांत डब्ल्यू स्वच्छ ऐकू येतो. थोरला मुका झाला तरी लेकरे त्याचा आवाज घेऊन गावभर हिंडत आहेत.

'बिट्वीन' हाही त्यांतलाच. त्याच्या पोटात 'ट्वीन' बसलेला आहे, म्हणजे मूळ अर्थ दोहोंपाशी. 'बिट्वीन' दोघांसाठी आणि 'अमंग' अनेकांसाठी असा नियम आम्ही शिक्षक मोठ्या कडकपणे शिकवतो आणि चुकल्यास अर्धा गुण कापतो. प्रत्यक्षात इंग्रज लोक अगदी जुन्या काळापासून दोहोंहून अधिकांच्या बाबतीतही 'बिट्वीन' वापरीत आले आहेत. इतक्या वर्षांत मी कापलेले अर्धे अर्धे गुण आता परत देता येत नाहीत. माझ्या विद्यार्थ्यांनी मोठ्या मनाने ते सोडून द्यावेत.

काही शब्दांत मात्र डब्ल्यूही नाही आणि टीही नाही, तरी 'दोन' आत घट्ट बसलेला आहे. 'बोथ' म्हणजे दोन्ही. त्यातला 'बो' हा आपल्या 'उभय'मधल्या 'उभ'चा भाऊबंद. 'व्हेदर' हा तर संस्कृत शिकलेल्यांना चकित करणारा. संस्कृतात 'कोणता?' असे विचारण्याच्या दोन तऱ्हा आहेत. दोहोंपैकी कोणता, तर 'कतर'. अनेकांपैकी कोणता, तर 'कतम'. इंग्रजी 'व्हेदर' हा या 'कतर'चा सख्खा भाऊ, आणि जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थही नेमका तोच होता, दोहोंपैकी कोणता. आज 'व्हेदर' म्हटले की 'होय की नाही' असे दोन रस्ते समोर येतात, ते उगीच नव्हे.

'अदर'ची कथा त्याहून रंजक आहे. जुन्या इंग्रजीत 'दुसरा' या अर्थी हाच शब्द होता. पहिला, 'अदर', तिसरा अशी मोजणी चाले. आपल्या 'भाषांतर', 'देशांतर', 'रूपांतर' या शब्दांत शेवटी जो 'अंतर' येतो, त्याचा अर्थ 'दुसरा' असाच आहे. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा. तो 'अंतर' आणि हा 'अदर' एकाच मूळचे. पण 'अदर'वर दोन कामे पडली. 'दुसरा क्रमांक' हेही त्यानेच सांगायचे आणि 'निराळा कोणी' हेही त्यानेच. घोटाळा होऊ लागला. तेव्हा इंग्रजांनी तेराव्या शतकाच्या सुमारास फ्रेंचांकडून 'सेकंड' उसना आणला. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मागून येणारा' एवढाच. ज्या भाषेने जगाला इतके शब्द दिले, तिला स्वतःचा 'दुसरा' शेजाऱ्याकडून मागून आणावा लागला! जुन्या अर्थाची खूण अजून एका ठिकाणी उरली आहे. 'एव्हरी अदर डे' म्हणजे दिवसाआड, दर दुसऱ्या दिवशी.

फ्रेंचांचे नाव निघाले ते त्यांच्या स्वारीमुळे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबार, कचेरी, न्याय यांची भाषा पुढची काही शतके फ्रेंच झाली. आपल्याकडे फारसीमुळे जसे 'अर्ज', 'दप्तर', 'फिर्याद' आले, तसे तिकडे फ्रेंच शब्द घरोघर शिरले. जोडीचे शब्दही त्यांतूनच आले. 'पेअर' मूळचा 'समान' या अर्थाचा. 'कपल' म्हणजे बंधन, दोघांना बांधून ठेवणारा दुवा. 'डबल' म्हणजे दुपट. केळेवाल्यापासून कासारापर्यंत सर्वांच्या तोंडी असलेला 'डझन' हाही लॅटिनमधल्या 'दोन आणि दहा' यांचा फ्रेंच अवतार. आणि 'बिस्किट'? दोनदा भाजलेले! आपल्या पाहुण्यांपुढच्या बशीतही दोन आहेच.

त्याच काळात आणखी एक शब्द आला, 'डाउट' म्हणजे शंका. हाही दोनाच्याच कुळातला. मन एका जागी न राहता दोन ठिकाणी झाले की शंका येते. जर्मन माणूस शंकेला 'ट्स्वाइफेल' म्हणतो, त्यातही 'ट्स्वाय' म्हणजे दोनच. आपणही 'मन द्विधा झाले' असे म्हणतो. तीन निरनिराळ्या ठिकाणच्या माणसांना एकच गोष्ट सुचली. मौज अशी की, 'डाउट' फ्रेंचांकडून आला तेव्हा त्यात बी हे अक्षर नव्हतेच. पुढे विद्वानांना आठवले की लॅटिन मुळात 'ब' आहे. म्हणून त्यांनी ते अक्षर मागाहून आणून मध्ये बसवले. लोकांनी ते लिहिले, पण उच्चारले कधीच नाही. तेव्हा पाहा, दोनाच्या कुळात दोन मुके निघाले. 'टू'मधला डब्ल्यू हा आवाज गेलेला म्हातारा, आणि 'डाउट'मधला बी हा कधी न बोललेला, पंडितांनी दत्तक आणलेला मुलगा.

'बायसिकल' हे वाहन एकोणिसाव्या शतकातले. तिचा 'बाय' लॅटिन आणि 'सिकल' म्हणजे चाक हे ग्रीक, अशी ही दोन घराण्यांची सोयरीक. या 'बाय'मध्ये 'द' कुठे गेला? लॅटिनमध्ये आरंभीच्या 'द्व'चा हळूहळू 'ब' झाला. आता आपल्या पाढ्यांकडे या. 'द्वादश'चे आपण 'बारा' केले, 'द्वाविंशति'चे 'बावीस' केले. बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, सगळीकडे 'द्व'चा 'ब'. मुले दोनाचा पाढा म्हणताना 'बे एके बे, बे दुणे चार' असे ओरडतात, त्यातला 'बे' म्हणजे हाच. रोममधल्या माणसाची आणि आपल्या प्राकृत बोलणाऱ्या पूर्वजांची गाठ न पडता दोघांच्या जिभेने एकच सोयीची वाट धरली. गावात कोणी बायसिकलवरून बावीस मैल गेला, तर तो 'द्व'वर दोनदा बसून गेला म्हणायचा.

इथवर शब्दांची गंमत झाली. आता जे हरवले त्याविषयी. संस्कृतात द्विवचन आहे हे आपण शाळेत रडतरडत शिकलो. 'रामः, रामौ, रामाः'. एक, दोन, अनेक. हे द्विवचन त्या जुन्या मूळ भाषेतच होते आणि जुन्या इंग्रजीतही त्याचा अंश उरला होता. 'आम्ही' याहून निराळा 'विट्' असा शब्द होता, त्याचा अर्थ आम्ही दोघेच. 'तुम्ही दोघे' यासाठी 'यिट्' होता. दहाव्या शतकात लिहिलेली एक मोठी पोथी इंग्लंडमधील एक्झीटर येथील कॅथीड्रलमध्ये आहे. १०७२ साली निवर्तलेल्या लिओफ्रिक नावाच्या बिशपने ती तिथे दिली. तिच्यात पतीपासून दुरावलेल्या एका स्त्रीचा विलाप आहे. दोघांनी मिळून घेतलेल्या शपथांची ती आठवण करते, तेव्हा तिच्या तोंडी 'आम्ही' येत नाही, 'विट्' येतो. आम्ही दोघे, मध्ये तिसरा कोणी नाही. नुसत्या सर्वनामाने दार लावून घेतले आहे.

तेरावे शतक सरता सरता हा शब्द इंग्रजीतून नाहीसा झाला. आपल्याकडे ते त्याच्या कितीतरी आधी घडले. पालीने आणि प्राकृतांनी द्विवचन सोडून दिले. महाराष्ट्री प्राकृतातल्या 'दोण्णि'पासून आपला 'दोन' झाला, पण व्याकरणातली दोघांची निराळी खोली गेली. एक आणि अनेक एवढेच उरले. युरोपात स्लोव्हेनिया नावाचा लहानसा देश आहे. तिथली मुले मात्र आजही शाळेत 'मी', 'आम्ही दोघे' आणि 'आम्ही' यांची वेगवेगळी रूपे शिकतात. आपण मराठी माणसांनी त्या हरवलेल्या खोलीच्या जागी एक कोनाडा राखला आहे. माणसांविषयी बोलताना आपण 'दोन भाऊ' म्हणतोच, पण 'दोघे भाऊ', 'दोघी बहिणी', 'दोघं नवराबायको' असेही म्हणतो. वस्तूंना 'दोघे' म्हणत नाहीत. तो मान जिवंत माणसांचा.

दोनाला एवढे जपावे असे काय आहे त्यात? एकात भांडण होत नाही आणि प्रेमही होत नाही. दोन्ही गोष्टींना किमान दोघे लागतात. भाषांना हे पुरते ठाऊक आहे. इंग्रजीत 'ट्विस्ट' म्हणजे पीळ घालणे. दोन पेड एकमेकांत वळले की दोरी होते. हाच शब्द डच भाषेत, अगदी त्याच स्पेलिंगाने, भांडण या अर्थी आहे. जर्मनमध्ये त्याचे रूप 'ट्स्विस्ट', अर्थ बेबनाव. शब्द एक, मूळ एक, आत बसलेला 'दोन'ही एकच. पण समुद्राच्या एका काठावर त्याची दोरी झाली आणि दुसऱ्या काठावर तंटा झाला. आपल्याकडे 'दुपदरी' शाल उबदार असते आणि 'दुतोंडी' माणूस टाळावासा वाटतो. 'दुही' घर मोडते.

संस्कृत 'द्वंद्व' शब्दाने हे दोन्ही अर्थ एकाच पोटात ठेवले आहेत. द्वंद्व म्हणजे जोडी, आणि द्वंद्व म्हणजे दोघांची झुंज. पण व्याकरणात द्वंद्व समास आहे. 'आईबाप', 'बहीणभाऊ', 'मीठभाकर'. यात दोन्ही पदांना सारखा मान. गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना समासांतून श्रीकृष्णाने हाच निवडला. झुंजीच्या इंग्रजी शब्दाची, 'ड्युएल'ची हकीकत तर उलटीच आहे. लॅटिनमध्ये तो युद्धाचा जुना शब्द; दोनाशी त्याचा मुळात संबंध नव्हता. मध्ययुगातल्या लोकांना त्यात 'दुओ' ऐकू आला आणि युद्धाचा शब्द दोघांच्या झुंजीचा झाला. दोन म्हटले की झुंजच असणार, असे त्यांच्या मनाने धरले होते.

हे वाचताना मला आमचे घर आठवत असे. वडिलांच्या मागे दादाची आणि माझी वाटणी झाली. मोठे भांडण झाले नाही, पण शब्दाला शब्द लागला आणि ओसरीच्या मधोमध एक भिंत उभी राहिली. विटांची, एकपदरी. दादाच्या मुलांच्या पाढ्यांचा आवाज मला इकडे ऐकू येई आणि माझ्या रेडिओचा आवाज त्याला तिकडे. ग्रिम बंधूंचे चरित्र त्याच भिंतीला पाठ टेकून वाचले. वाचून झाल्यावर उठून पलीकडे जावे, असे मात्र कित्येक वर्षे मला सुचले नाही.

एक शब्द मुद्दाम शेवटासाठी ठेवला होता. बैलांच्या मानेवरच्या जुवाला इंग्रजीत 'योक' म्हणतात. संस्कृतात 'युग', आणि त्याचेच आपल्या मराठीत झाले 'जू'. 'योक' आणि 'जू' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज. 'युगुल' त्यातूनच, आणि पतिपत्नींच्या नात्याला इंग्रजीत जो 'कॉन्जुगल' शब्द आहे, त्याचा अर्थही एका जुवाखाली आलेले. ज्याने बैलजोडी हाकली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. दोन बैलांचे रंग निराळे, चाल निराळी, एखादा मारकाही असतो. जू त्यांना एक करीत नाही. दोघे दोनच राहतात. फक्त ओझे सारखे वाटले जाते.

या दोनाच्या बळावर आज केवढे जग चालले आहे! जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्सने १७०३ साली शून्य आणि एक या दोनच अंकांचे गणित प्रसिद्ध केले. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या निबंधात 'बिट' हा शब्द छापला आणि तो सुचवण्याचे श्रेय जॉन टुकी यांना दिले. 'बायनरी डिजिट' म्हणजे द्विमान अंक, त्याचे हे आखडलेले रूप. मुलांच्या हातातला मोबाइल फोन जे काही दाखवतो ते या दोन अंकांच्या माळेतून. 'बायनरी'तला 'बाय' म्हणजे पुन्हा आपल्या 'बे'चाच नातलग.

आणि आता दिवाळी. पाडवा होतो आणि दुसऱ्या दिवशी भाऊबीज येते. 'बीज' म्हणजे द्वितीया. 'द्व'चा 'ब' झाला तो इथेही. दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्या 'बिजवरा'तला 'बिज' हाच. पेरायच्या बियाण्याशी त्याचा संबंध नाही. चंद्राची दुसरी कोर, महिन्याचा दुसरा दिवस, आणि पाटावर एक, समोर एक असे दोघे. इंग्रजीतल्या त्या हरवलेल्या 'विट्'ची खोली आपल्याकडे वर्षातून एक दिवस अशी उघडते. व्याकरणाने दिलेली नव्हे, निरांजनाने उजळलेली.

आमची आक्का भिंत झाल्यापासून दोनदा ओवाळीत असे. आधी दादाकडे, मग अंगणातून वळसा घालून माझ्याकडे. तबक तेच, निरांजन तेच. वळसा घेताना वाऱ्याने ते विझू नये म्हणून ती पदर आडवा धरी. गेल्या वर्षी ती दारातच थांबली. म्हणाली, "अरे, माझे गुडघे आता दोन फेऱ्यांना ऐकत नाहीत. अंगणात दोन पाट मांडा, नाहीतर मी आपली परत जाते." मी एक पाट आणला. दुसरा पाट दादा घेऊन आला. आम्ही शेजारी बसलो. बोलणे फारसे झाले नाही. 'टू'मधल्या डब्ल्यूसारखे दोघेही गप्प होतो. पण जागच्या जागी होतो.

भिंत अजून आहे. यंदा मात्र आक्काला सांगावे लागलेले नाही. दोन्ही पाट धुऊन अंगणात वाळत घातले आहेत, आणि ते मी घातलेले नाहीत.